ब बाजू कोरी

सूर्यकांत पेठे या माणसाला स्वस्थ बसणं माहीत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढे त्यांच्या फेऱ्या मोजता मोजता तुमचाच जीव जायचा. वय एकोणसाठ, अबुधाबीत सव्वीस वर्षं, एका ऑइल कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे कुठला कागद कुठे आहे, कोणी नेला, कधी परत आणला, हे ज्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे, तो माणूस. खुर्चीत बसला तरी एक पाय टकाटक हलत असायचा. अनुराधाताई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "अहो, तुमच्या पायाला मीटर लावलं तर आपलं विजेचं बिल निघेल."

असल्या माणसाला संग्रहालयाचं वेड लागलं की काय होतं बघा. आठ वर्षांपूर्वी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्यांचे मित्र हनीफभाई यांच्या भाड्याच्या व्हिलाच्या गेटजवळच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांसाठी बांधलेल्या त्या एका वेगळ्या खोलीत, दोघांनी मिळून हे संग्रहालय मांडलं. गल्फमध्ये आलेल्या आपल्या माणसांच्या वस्तू. कोणाची पहिली पत्र्याची ट्रंक, कोणाचा खाटेला बांधायचा टेबलफॅन, एका खोलीत बारा जण राहायचे तेव्हाचा स्वयंपाकाच्या पाळ्यांचा तक्ता. पगारी माणूस एकही नाही. कुलूप हनीफभाईंकडे, रजिस्टर पेठ्यांकडे, झाडू ज्याच्या हाताला लागेल त्याच्याकडे. शनिवारी रत्नागिरी-रायगडकडची कुटुंबं यायची, पुण्या-मुंबईची यायची, मुलं इंग्लिशमधून प्रश्न विचारायची, म्हातारे डोळे पुसायचे, आणि शेवटी सगळे चहा पिऊन घरी जायचे.

या सगळ्यात वस्तू नंबर एक होती एक कॅसेट.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. तेव्हा फोन परवडत नव्हता आणि बऱ्याच घरात लिहिता-वाचताही येत नव्हतं. मग माणूस टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचा आणि सुट्टीवर जाणाऱ्याच्या हाती कॅसेट द्यायचा. अ बाजूला नवरा बोलणार, ब बाजूला बायको उत्तर देणार, आणि तीच कॅसेट गावाहून येणाऱ्या कोणाबरोबर परत येणार. कॅसेट अशी जाता-येता झिजायची. नंबर एकची कॅसेट होती इद्रीस नावाच्या ड्रायव्हरची. १९८४ साली तो हनीफभाईंचा रूममेट होता. घरून तार आली होती, मुलगी झाली म्हणून. त्या आनंदात तो बसून बोलला होता. मधेच खदाखदा हसायचा आणि म्हणायचा, "मैमुना, नाव काय ठेवलंस ते दुसऱ्या बाजूला सांग. अम्मी काही म्हणू दे, तू तुझ्या मनातलं ठेव. आणि घरावर पत्रा घालायचा की कौलं, तेपण सांग." पंधरा दिवसांत तापानं गेला बिचारा. रजिस्टरमध्ये पेठ्यांच्या देखण्या अक्षरात नोंद होती: *वस्तू क्र. १. ध्वनिफीत. अ बाजू: इद्रीस यांचा आवाज, अठरा मिनिटं. ब बाजू: कोरी.*

ही कॅसेट लागली की खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता व्हायची. फक्त हनीफभाई तेवढ्या वेळात बाहेर जायचे. कॉपी तर काढूच द्यायचे नाहीत. "नाही पेठेसाब. अमानत आहे ती." पेठ्यांनी यावर कधी विचार केला नाही. रजिस्टरमध्ये असल्या गोष्टीसाठी रकाना नव्हता ना!

तर आता घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. दोन-अडीच महिन्यांत व्हिला रिकामा करायचा होता. हनीफभाईंचा मुलगा हम्माद फ्लॅटमध्ये जाणार होता, आणि फ्लॅटमध्ये कुठली मजलिस? पेठे स्वतः चार महिन्यांत रिटायर. व्हिसा खलास, सामान बांधा, चला. पण त्याआधी या वस्तूंना छप्पर मिळालं पाहिजे, या एका गोष्टीनं त्यांना घेरलं होतं. लहान, लोकांनी चालवलेल्या संग्रहालयांना मदत करणारी एक संस्था त्यांनी शोधून काढली, बावीस पानांचा अर्ज केला, आणि खलिफा सिटीतल्या एका कम्युनिटी सेंटरमधली एसी खोली मिळायची वेळ आली. संस्थेची केया नावाची मुलगी शनिवारी अकराला तिथे येणार होती. वस्तू तिथे नेऊन मांडून दाखवायच्या होत्या.

म्हणून गुरुवारी सगळं अकरा कार्टनमध्ये भरलं. इद्रीसची कॅसेट, त्याचाच टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकातच असलेला डबा, आणि चटई कार्टन नंबर एकमध्ये. पेठ्यांनी प्रत्येक कार्टनवर जाड मार्करनं, त्यांच्या शिस्तीप्रमाणे, वस्तू ज्याची त्याचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड आणि घरचा फोन नंबर लिहिला. हनीफभाईंची सवय वेगळी. कार्टन दिसला की तो निळ्या नायलॉनच्या दोरीनं आडवा-उभा बांधल्याशिवाय त्यांच्या हाताला चैन पडत नसे. त्यांनी अकराच्या अकरा बांधले.

आता तुम्हीच सांगा. गल्फमध्ये निळी दोरी बांधलेला, वर मुक्काम-पोस्ट आणि पिनकोड लिहिलेला कार्टन दिसला, तर तो कशासाठी आहे असं माणसाला वाटेल?

शुक्रवारी दुपारी चार वाजता पेठे बबल-रॅपची गुंडाळी काखेत मारून मजलिसमध्ये शिरले आणि दारातच थबकले. खोली लख्ख रिकामी. फरशीवर निळ्या दोरीचे दोन तुकडे.

"हनीफभाई!" ते ओरडले. "कार्टन कुठायत?"

हनीफभाई जुम्म्याच्या नमाजाहून येऊन जेवून लवंडले होते. ते टोपी सावरत आले, खोलीकडे बघितलं आणि भिंतीला टेकले. मग वरून त्यांची सून मुनिबा धावत आली. तिचा चेहराच सांगत होता.

झालं होतं असं. मुनिबानं माहेरी पाठवायला दुधाच्या पावडरीचे, ब्लँकेटचे तीन कार्टन मजलिसच्या दाराशी ठेवले होते. गावी सामान पोचवणारे कार्गोवाले दुपारी आले तेव्हा ती मुलांना घेऊन गाडीत होती. कार्गोवाल्यानं फोन केला, "भाभी, यहाँ चौदा कार्टन हैं. सब लेना है?"

"मला वाटलं, अब्बांनी घातले असतील मोहल्ल्यातल्या लोकांचे," मुनिबा रडकुंडीला येऊन म्हणाली. "आपल्याकडे कार्गो चालला की असेच घालतात ना सगळे! मी म्हटलं, हाँ भैया, सब ले जाओ, संभाल के."

तिला बोलणार तरी काय? त्या घरात तीस वर्षांत एकही कार्गो फक्त आपलाच असा गेला नव्हता. पेठ्यांना तिच्यावर ओरडायचं होतं, पण आठवलं, पत्ते कोणी लिहिले? आपणच. अंगाची नुसती लाही झाली.

पेठ्यांची एकवीस वर्षांची जुनी गाडी, जिच्यात अजून कॅसेटचा टेप होता आणि जी विकायची म्हटलं की ते भांडायचे, ती मुसाफ्फातल्या कार्गोच्या गोडाऊनकडे सुटली. शेजारी हनीफभाई तसबीह ओढत बसले होते. शुक्रवारची गर्दी, प्रत्येक सिग्नल लाल. पेठे स्टिअरिंगवर बोटं बडवत होते, हॉर्न मारत होते, पुढच्या गाडीला मराठीतून शिव्या देत होते. हनीफभाईंच्या हातातले मणी भलतेच भराभर सरकत होते.

गोडाऊनमधला क्लार्क मालवणचा निघाला. त्यानं कागद चाळले आणि मान हलवली. "तीन वाजता गाडी पोर्टला गेली, साहेब. कंटेनरला सील लागलं. खलास."

"अहो, संग्रहालय आहे ते! थांबवा!"

"आता जहाज थांबवू का मी?" क्लार्क म्हणाला, पण मग त्यालाच वाईट वाटलं. "एक करा. मुंबईला पोचायला पंचवीस दिवस धरा. तिथलं ऑफिस डिलिव्हरीआधी घेणाऱ्याला फोन करतं. घेणारे 'आमचं नाही' म्हणाले तर कार्टन न उघडता परत फिरतो. तुम्ही त्या लोकांना आधीच फोन करून ठेवा." मग पावतीवर नजर टाकून कौतुकानं म्हणाला, "पण पत्ते काय लिहिलेत साहेब, पिनकोडसकट! असा पत्ता आम्हाला कोणी देत नाही. एक कार्टन इकडचा तिकडे जाणार नाही, लिहून घ्या."

पेठ्यांना त्याचा गळा आवळावासा वाटला.

शनिवारी अकराला ते खलिफा सिटीच्या रिकाम्या खोलीत केयासमोर उभे राहिले. केया अबुधाबीतच वाढलेली, सत्ताविशीची, समजायचं सगळं मराठी, बोलायचं इंग्लिश. पेठ्यांनी खोटं बोलायचं ठरवलं होतं, ट्रक बंद पडला वगैरे. पण तोंड उघडलं आणि सगळं खरंच बाहेर आलं, निळ्या दोरीसकट. केया आधी हसली. मग तिनं पेठ्यांचा चेहरा बघितला.

"अंकल, आय अॅम सो सॉरी," ती म्हणाली. समितीची बैठक सहा आठवड्यांनी होती. तोवर ती खोली दुसऱ्या कोणाला जाऊ देणार नव्हती. पण वस्तू परत आल्या पाहिजेत, प्रत्येक वस्तूबरोबर ज्याची ती आहे त्या घरच्यांचं संमतीपत्र पाहिजे. आणि नंबर एक पाहिजेच. "दॅट टेप इज ऑन पेज वन. समितीनं तुमचा अर्ज शॉर्टलिस्ट केला तो त्या टेपसाठी." शेवटचं वाक्य ती मुद्दाम मराठीत बोलली, आणि त्यामुळे ते जास्तच लागलं.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर पेठे हनीफभाईंच्या स्वयंपाकघरात रजिस्टर उघडून बसले. एकेक नंबर लावायला सुरुवात केली. कोणी ओळख पटवायलाच दहा मिनिटं घेतली. कोणी म्हणालं, आजोबांचा फॅन तुमच्याकडे होता हेच आम्हाला माहीत नाही, आता आला तर ठेवून घेऊ. कोणी लगेच हो म्हटलं, परत पाठवतो इन्शाल्ला. दहा फोन झाले. नंबर एक पेठ्यांनी शेवटी ठेवला होता, आता त्या नावावर बोट ठेवलं. मैमुनाबी, मुक्काम पोस्ट आंबेखाडी, तालुका दापोली.

त्या बोटावर हनीफभाईंचा हात आला. 

"पेठेसाब, यांना सांगा, कार्टन घ्यायचाच नाही. उघडायचा नाही. परत पाठवायचा. तुम्हाला माझी शपथ आहे."

"तेच तर सांगतोय सगळ्यांना. पण शपथ कशाला?"

हनीफभाईंनी दाराकडे बघितलं. मुनिबा वर होती. मग त्यांनी जे सांगितलं ते सांगताना पासष्ट वर्षांचा माणूस चोवीस वर्षांच्या पोरासारखा दिसायला लागला.

इद्रीसनं कॅसेट भरली ती हनीफच्या हातात दिली होती. "तू आधी सुट्टीवर जाणार, तूच ने." मग ताप आला. तीन महिन्यांनी हनीफ गावी गेला, कॅसेट शर्टाच्या खिशात घालून आंबेखाडीला गेला, तिच्या घराच्या दारापर्यंत गेला. ती इद्दतीत होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाई परक्या पुरुषासमोर येत नाही. पण शेजारच्या बाईच्या हाती देता आली असती, तेवढं काही कठीण नव्हतं. आतून तान्ह्या पोरीचं रडणं ऐकू येत होतं.

"मी ती ऐकली होती पेठेसाब. त्यात तो हसतोय हो! मेलेला माणूस हसतोय. बावीस वर्षांच्या पोरीला कसं देऊ? हिम्मत झाली नाही. म्हटलं पुढच्या सुट्टीत देऊ. पुढच्या सुट्टीत म्हटलं, आता एवढा उशीर झाला, काय तोंड दाखवू? मग एकेक करत एकेचाळीस वर्षं गेली. म्युझियम काढलंत तेव्हा वाटलं, इथे ठेवली तर निदान सांभाळली जाईल."

पेठे उठले. स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या. फ्रीजला धडकले. आणि मग त्यांचा असा स्फोट झाला की मुनिबा जिन्यात येऊन उभी राहिली.

"तिला माहीतच नाही? हनीफभाई, आठ वर्षं मी ती शाळेच्या पोरांना ऐकवली! पाहुण्यांना ऐकवली! लोक चहा पीत तिच्या नवऱ्याचा आवाज ऐकत होते! शेकडो लोकांनी ऐकली, आणि जिच्यासाठी होती तिनं सोडून! मला एका शब्दानं सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कधी?" हनीफभाई म्हणाले.

 पेठ्यांनी रजिस्टर मिटलं आणि ते घरी निघून आले.

आता खरी तगमग सुरू झाली. एक फोन करायचा होता, एवढंच. दोन मिनिटांचं काम. 'चुकून पाठवलंय, घेऊ नका,' म्हटलं की बाई 'बरं' म्हणणार, कार्टन परत येणार, केया खूश, खोली मिळणार, हनीफभाईंची लाज झाकणार. नाही केला तर आठ वर्षांच्या मेहनतीवर पाणी. पेठे नंबर काढायचे आणि फोन खाली ठेवायचे. ऑफिसात त्यांनी दोन ट्रान्समिटल, म्हणजे कागदांबरोबर जाणाऱ्या याद्या, चुकीच्या प्रोजेक्टला पाठवली, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. बाल्कनी ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते बाल्कनी. हनीफभाईंचे मेसेज यायचे: *फोन किया क्या?* पेठे उत्तर देत नव्हते. जहाज कुठे आहे ते मोबाइलवर दिसायचं, अरबी समुद्रात एक निळा ठिपका, आणि तो दिवसातून वीस वेळा बघायचा रोगच लागला त्यांना.

विसाव्या दिवशी अनुराधाताईंनी पोळी लाटता लाटता लाटणं खाली ठेवलं.

"अहो, मला एक सांगा. मी इकडे यायच्या आधी दोन वर्षं मुंबईत होते. तुमची पत्रं यायची. त्यातलं एक समजा कोणीतरी ठेवून घेतलं असतं, चांगलं काचेच्या कपाटात, नंबर लावून. तर तुम्हाला चाललं असतं?"

"विषय तो नाहीये," पेठे म्हणाले.

"मग विषय काय आहे?"

पेठे बाल्कनीत गेले. पण त्या संध्याकाळी त्यांनी मोबाइलमधून आंबेखाडीचा नंबर पुसून टाकला. रजिस्टरमध्ये होताच तो, पण रजिस्टर त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं, जिथे खुर्ची घेतल्याशिवाय हात पोचत नाही. हनीफभाईंना लिहिलं: *फोन केला नाही. करणारही नाही. ज्याची वस्तू त्याच्याकडे जाऊ दे.*  दोघांचं बोलणं बंद झालं.

कार्टन पोचले. एकेक घरून फोन येऊ लागले. दोन घरांनी वस्तू ठेवून घेतल्या, तक्त्याच्या घरच्यांनी तर तो दिवाणखान्यात लावून फोटो पाठवला. एका घरानं तर आणखी एक जुना पासपोर्ट घालून कार्टन परत केला. बाकीच्यांनी संमतीची कागदं सही करून दिली. पाहुण्यांबरोबर, विमानाच्या कार्गोनं, अकरापैकी आठ कार्टन आले. आंबेखाडीहून मात्र काहीच नाही. 'डिलिव्हर्ड' एवढं दिसत होतं. त्या घरात काय झालं असेल, ह्या विचारानं पेठ्यांना रात्र रात्र झोप लागेना. म्हातारीच्या जिवाला काही झालं तर? आपण शहाणपणा केला की पाप?

समितीच्या बैठकीनंतर केयाचा फोन आला. खोली मिळाली, एका वर्षासाठी. "बट अंकल, नंबर वन. ओपनिंगपर्यंत आली तर उत्तम. नाहीतर लिस्टमधून काढावी लागेल. जे आपल्याकडे नाही ते आपलं म्हणून दाखवता येत नाही."

बरोबर होतं तिचं. पेठ्यांनी खुर्ची घेऊन रजिस्टर खाली काढलं, पट्टी ठेवली, पेन उघडलं. पहिल्या नोंदीवर रेघ मारायची. पेन टेकवलं, उचललं, टेकवलं. कागदावर शाईचा एक ठिपका पडला, त्यापुढे हात जाईना. शेवटी रजिस्टर काखेत घेऊन ते व्हिलावर गेले, म्हटलं, नोंद दोघांनी मिळून केलेली, रेघही दोघांनी मारू.

हनीफभाई रिकाम्या मजलिसच्या पायरीवर बसले होते. बारीक झाले होते. शेजारी एक अनोळखी माणूस होता, प्रवासातून आलेला, पायाशी बॅग.

"हा यूनुस," हनीफभाई पेठ्यांकडे न बघता म्हणाले. "आंबेखाडीचा. सकाळच्या फ्लाइटनं आला."

यूनुसनं सोड्यांच्या आणि फणसपोळीच्या पुड्या बाजूला सारून तळातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कॅसेट होती. पेठ्यांनी झडप घालून घेतली, उलटीसुलटी केली. फीत शेवटाला नव्हती. मधेच थांबली होती. ब बाजूच्या कागदी पट्टीवर पेननं वाकडातिकडा बाण काढलेला होता.

"रेकॉर्ड केलं? हिच्यावर?" आवाज चढला त्यांचा. "अ बाजू पुसली तर नाही ना?"

"मला काय माहीत, साहेब," यूनुस म्हणाला. "मैमुनाचाचीनं दिली. म्हणाली, हनीफच्या हातात दे. आणि ऐकून झालं की परत पाठवा म्हणावं."

टू-इन-वन तर आंबेखाडीलाच राहिला होता. ऐकायची कशावर? पेठे आणि हनीफभाई एकमेकांकडे बघायला लागले, महिन्याभरात पहिल्यांदाच, आणि दोघांची नजर एकदमच त्या जुन्या गाडीकडे गेली.

बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं. गाडी चालू केली, एसी लावला. पेठे स्टिअरिंगवर, शेजारी हनीफभाई. हनीफभाईंचा हात दाराच्या कडीवर होता, कॅसेट लागली की उतरायची सवय. पेठ्यांनी आधी अ बाजू घातली, फीत मागे नेली. खर्रर्र, आणि मग ते हसू. होतं, जागेवर होतं. त्यांनी कॅसेट काढली, उलटी केली, फीत सुरुवातीला नेली आणि म्हणाले, "बसा, हनीफभाई."

हनीफभाईंनी कडीवरचा हात काढला.

थोडा वेळ नुसती खरखर. मग म्हातारा, पण खणखणीत आवाज.

"अस्सलाम वालेकुम. ऐकताय ना? मी मैमुना. तुमची कॅसेट पोचली." मग थोडं थांबून, "तुम्ही विचारलंत, मुलीचं नाव काय ठेवलं. जैबून ठेवलं. अम्मी सकीना म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. तुमचंपण तेच म्हणणं होतं, ते मला आत्ता कळलं. आणि घराला कौलं घातली. पत्र्याचा पावसात आवाज होतो, पोर झोपत नव्हती. जैबून इथंच बसलीय. बोल म्हटलं तर रडतेय नुसती. तिला दोन मुलगे. मोठा खदाखदा हसतो. मला वाटायचं, हा कोणावर गेला. तुमचं हसू मी विसरले होते हो. चेहरा होता, हसू नव्हतं राहिलं. आता आहे."

खरखर. पेठ्यांना वाटलं, संपलं. पण नव्हतं संपलं.

"आणि तुमचा तो रूममेट, हनीफ. तो आला होता. त्या उन्हाळ्यात, दारापर्यंत. मी खिडकीतून बघत होते. खिशावर हात धरून उभा होता, खूप वेळ. मला वाटलं आता हाक मारील. मग गेला. मीच आतून हाक मारायला हवी होती, पण तेव्हा रीत नव्हती. त्याला रागावू नका. पोरच होता तोपण. ह्या बाजूला अजून जागा आहे, पण बाकीचं पुढच्या वेळी. लवकर जवाब पाठवा."

हनीफभाई रडत होते. तोंडावर हात नव्हता, मान खाली नव्हती, समोरच्या काचेतून बाहेर बघत उघडपणे रडत होते.  पेठ्यांचे दोन्ही पाय स्थिर होते, हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नाही.

"परत पाठवा म्हणालीय," हनीफभाई म्हणाले. "तुमची खोली, पेठेसाब? ओपनिंग?"

"केयाला मी सांगतो," पेठे म्हणाले. काय सांगायचं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि त्याची भीतीही वाटत नव्हती. "कोणाबरोबर पाठवायची? यूनुस तर आत्ताच आलाय."

"कोणाबरोबर कशाला?" हनीफभाईंनी कॅसेट काढून घेतली, रुमालात गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "माझ्याकडेच दिली होती ना त्यानं? मी नेतो."

पेठ्यांनी मांडीवर रजिस्टर उघडलं. *ब बाजू: कोरी* मधला 'कोरी' खोडला आणि वर लिहिलं, *मैमुनाबी यांचं उत्तर. अपुरं.* मग उजवीकडच्या रकान्यात, वस्तू बाहेर गेली तर नेणाऱ्याचं नाव लिहायचं असतं तिथे, लिहिलं, *हनीफ*, आणि सही करायला पेन पुढे केलं. हनीफभाईंनी सही केली.

शेजारचा रकाना होता, परत येण्याची तारीख. पेठ्यांनी तो तसाच ठेवला आणि रजिस्टर मिटलं.